समुद्रतळाखालच्या जीवसृष्टीची नोंद उत्खननाआधी व्हावी : आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
परिषद आणि सभा यांचे सन्माननीय सदस्य,
आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण,
किंग्स्टन, जमैका

विषय : उत्खननाच्या नियमावलीत गाळातील सूक्ष्मजीव आणि विषाणू यांच्या पायाभूत नोंदीची बंधनकारक अट घालण्याबाबत

महोदय, महोदया,

राष्ट्रीय हद्दींपलीकडच्या समुद्रतळावरील खनिजे कोणी, कुठे आणि कोणत्या अटींवर काढावीत, याची नियमावली आपण गेली अनेक वर्षे तयार करीत आहात. या मसुद्यांवरच्या चर्चांमध्ये मासे, स्पंज, प्रवाळ आणि समुद्रकाकड्या यांच्याविषयी बोलले जाते, आणि तसे बोलले गेलेच पाहिजे. माझे निवेदन मात्र त्यांच्याहून फार लहान आणि संख्येने फार मोठ्या अशा जीवसृष्टीविषयी आहे. ती समुद्रतळावर नव्हे, तर समुद्रतळाच्या आत, गाळात आणि त्याखालच्या खडकाच्या भेगांत राहते. कोणत्याही क्षेत्रात उत्खननाला परवानगी देण्यापूर्वी तेथील गाळात कोणते सूक्ष्मजीव आणि कोणते विषाणू आहेत, ते किती आहेत आणि ते कोणते काम करीत आहेत, याची तपासता येईल अशी नोंद हाती असावी, आणि ही गोष्ट शिफारस म्हणून न राहता परवान्याची अट व्हावी, अशी माझी मागणी आहे.

समुद्रतळाखाली जीवन कुठवर पोचते, याविषयीचे आपले अंदाज आजवर पुन्हा पुन्हा तोकडे ठरले आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवे. रिचर्ड मोरिता आणि क्लॉड झोबेल यांनी मध्य प्रशांत महासागरातील गाळ तपासून 1955 साली असा निष्कर्ष काढला होता की गाळात 7.47 मीटर खोलीवर सागरी जीवसृष्टी संपते. त्या काळच्या पद्धतींनी त्याखालचे जीवाणू प्रयोगशाळेत वाढले नाहीत, म्हणून ते नाहीतच असे मानले गेले. पुढे 1994 मध्ये जॉन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 500 मीटरहून अधिक खोलीच्या गाळात पेशी असल्याचे दाखवले. 2002 साली केवळ या खोल जीवसृष्टीच्या अभ्यासासाठी योजलेली पहिली खोदकाम मोहीम पूर्व प्रशांत महासागरात आणि पेरूच्या किनाऱ्यालगत पार पडली. 2012 मध्ये ‘चिक्यू’ या जपानी जहाजाने शिमोकिता द्वीपकल्पाजवळ समुद्रतळाखाली 2466 मीटरपर्यंत खोदकाम केले, आणि तेथील प्राचीन कोळशाच्या थरांतही सूक्ष्मजीव सापडले. जपानच्या मुरोतो भूशिराजवळच्या 2016 च्या मोहिमेत तर सुमारे 120 अंश सेल्सियस तापमान असलेल्या गाळातही तुरळक पेशी आढळल्या. 7.47 मीटरची जी सीमा एकेकाळी विज्ञानाने अंतिम मानली होती, ती अवघ्या साठ वर्षांत अडीच किलोमीटरच्या जवळ गेली. नियम करणाऱ्यांनी हा इतिहास समोर ठेवावा, कारण ‘तिथे काही नाही’ या समजुतीवर घेतलेला निर्णय नंतर मागे घेता येत नाही.

संख्येचा विचार केला तर 2012 साली येन्स कालमायर आणि सहकाऱ्यांनी जगभरातील समुद्रतळाच्या गाळातील पेशींचा जो अंदाज मांडला, तो 29 या आकड्यापुढे 28 शून्ये लिहिल्यावर येणारी संख्या आहे, आणि त्या पेशींमधील कार्बन सुमारे 4 अब्ज टन भरतो. आधीचे अंदाज याहून दहापट मोठे होते. ते कमी करावे लागले, कारण किनाऱ्यापासून दूर, अन्नाची टंचाई असलेल्या महासागरी प्रदेशांतील नमुने तोवर फारसे घेतलेच गेले नव्हते. ज्या प्रदेशांतून नमुने नव्हते ते मोजदादीत आल्याबरोबर जगाचा आकडा दहापट बदलला. आपल्याकडे परवान्यासाठी येणारी क्षेत्रे याच दूरच्या, कमी अभ्यासलेल्या प्रदेशांत मोडतात.

या जीवांचा वेग आपल्या कल्पनेत सहज बसत नाही. खुल्या महासागरात गाळ दर हजार वर्षांत काही मिलिमीटर इतक्या मंद गतीने साचतो, आणि त्याबरोबर पुरल्या गेलेल्या पेशींना त्यानंतर नवे अन्न जवळजवळ मिळतच नाही. दक्षिण प्रशांत महासागराच्या मध्यभागी, जिथे पाणी जगातील सर्वांत नितळ पाण्यांपैकी आहे आणि वरून पडणारे अन्न अत्यल्प आहे, तिथे 2010 साली घेतलेल्या गाळाच्या नमुन्यांतून 10 कोटी 15 लाख वर्षांपर्यंतच्या थरांतील सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत अन्न दिल्यावर पुन्हा वाढू लागले, असे 2020 साली युकी मोरोनो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. तो गाळ साचला तेव्हा पृथ्वीवर डायनासोर होते. त्या पेशी एवढा काळ तग धरून होत्या. दुरुस्तीपुरती ऊर्जा वापरायची आणि विभाजन शेकडो-हजारो वर्षांवर ढकलायचे, अशी ही जगण्याची रीत आहे. अशा समुदायाचे नुकसान झाले तर ते भरून येण्याचा काळ माणसांच्या आराखड्यांत, कंत्राटांच्या मुदतीत किंवा देखरेखीच्या कार्यक्रमांत मावणार नाही.

विषाणूंविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण धोरणाच्या कागदपत्रांत ते जवळजवळ अनुपस्थित असतात. विषाणू म्हटले की मनात रोगराई येते. समुद्रतळातील विषाणूंचे बहुतांश यजमान मात्र जीवाणू आणि आर्किया हे एकपेशीय जीव आहेत. माणसाला त्यांच्यापासून धोका आहे असे सुचवण्याचा माझा हेतू नाही, आणि तशी भीती घालून कोणी उत्खननाला विरोध करीत असेल तर तो मार्ग मला मान्य नाही. या विषाणूंचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. खोल समुद्राच्या वरच्या थरातील एक ग्रॅम गाळात कोट्यवधी विषाणूकण असतात. रोबेर्तो दानोवारो आणि सहकाऱ्यांनी 2008 साली जगाच्या निरनिराळ्या भागांतील गाळ तपासून दाखवले की 1000 मीटरहून खोल पाण्याखालच्या गाळात सूक्ष्मजीवांची जी नवी वाढ होते, तिच्यापैकी जवळजवळ सगळी विषाणूंच्या हल्ल्याने फुटलेल्या पेशींच्या रूपाने पुन्हा गाळात मिसळते. यातून दरवर्षी सुटणारा कार्बन त्यांनी 0.37 ते 0.63 अब्ज टन इतका अंदाजला.

विषाणू पेशीत शिरतो, तिच्या यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती करून घेतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. फुटलेल्या पेशीतील प्रथिने, शर्करा, फॉस्फरसयुक्त डीएनए हे सगळे आसपासच्या पाण्यात सुटते आणि उपाशी शेजाऱ्यांना ते लगेच वापरता येते. वरच्या समुद्रातून खाली पोचणारे अन्न जिथे जेमतेम असते, तिथे समुदाय टिकून राहतो तो पुष्कळ अंशी अशा अंतर्गत फेरवापरावर. शिवाय जी जात संख्येने वरचढ होऊ लागते, तिच्यावर तिचे विषाणू अधिक वेगाने तुटून पडतात, त्यामुळे दुबळ्या आणि दुर्मीळ जातींना जागा राहते. किती प्राणी आहेत आणि किती जाती आहेत एवढेच मोजून थांबणारी पाहणी या नियंत्रणाचा काहीही पत्ता लागू देत नाही.

गाळात खोल गेल्यावर चित्र पालटते, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत विलक्षण भाग तोच आहे. तीनशे मीटरच्या आसपासच्या खोलीपर्यंत गाळात विषाणू मोजले गेले आहेत. काही ठिकाणी, विशेषतः दक्षिण प्रशांताच्या मध्यभागी, त्यांची संख्या पेशींपेक्षा अनेक पटींनी अधिक भरते. यातील किती विषाणू तिथे आज निर्माण होत आहेत आणि किती जण चिकणमातीच्या कणांना चिकटून पूर्वीपासून टिकून आहेत, हे केवळ मोजणीवरून कळत नाही. दुसरीकडे, खोल गाळातून वाढवलेल्या जीवाणूंपैकी अनेकांच्या जनुकसंचात विषाणू सुप्तावस्थेत विणला गेलेला आढळला आहे. यजमान फार हळू जगत असताना त्याला फोडून बाहेर पडण्यात विषाणूचा लाभ नसतो, म्हणून तो यजमानाच्या डीएनएसोबत वाट पाहत राहतो, आणि कधी कधी यजमानाला उपयोगी पडणारी जनुकेही पुरवतो. मग परिस्थिती अचानक बदलली, प्राणवायू किंवा अन्न एकदम मिळाले, ताण वाढला, तर असा सुप्त विषाणू जागा होऊ शकतो. उत्खनन यंत्र वरचा थर उलथवते, ढवळते आणि गढूळ लोट दूरवर पसरवते, तेव्हा अशाच प्रकारचा अचानक बदल हजारो चौरस किलोमीटरवर होणार आहे. त्यातून सुप्त विषाणू मोठ्या प्रमाणावर जागे होतील की नाही, हा प्रश्न उत्खनन सुरू होण्याआधी प्रयोगांनी सोडवता येण्याजोगा आहे. तो न सोडवता पुढे जाणे अविचाराचे ठरेल.

ही केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाची बाब आहे असे कोणी म्हणू नये. समुद्रतळाखाली निर्माण होणारा मिथेन बहुतांशी पाण्यात पोचण्याआधीच गाळातील आर्किया आणि सल्फेट वापरणारे जीवाणू भागीदारीने खाऊन टाकतात. ही भागीदारी 2000 साली ओरेगनच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या हायड्रेट रिजच्या गाळात प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. ती नसती तर एका प्रखर हरितगृह वायूचा मोठा साठा समुद्रात मोकळा झाला असता. दुसरे उदाहरण आपल्या स्वतःच्या उगमाचे आहे. उत्तर अटलांटिकमधील ‘लोकीज् कॅसल’ या उष्ण झऱ्यांपासून जवळच्या गाळातील डीएनएवरून 2015 साली आर्कियांचा असा गट ओळखला गेला, जो वनस्पती, प्राणी आणि माणूस यांच्या पेशींचा त्या वेळचा सर्वांत जवळचा ज्ञात नातेवाईक ठरला. त्याच व्यापक गटातील एक सजीव प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी जपानी शास्त्रज्ञांना बारा वर्षे लागली. 2006 मध्ये जपानजवळच्या नानकाई प्रदेशातील समुद्रतळातून, सुमारे अडीच किलोमीटर पाण्याखालून काढलेल्या गाळातून तो मिळाला आणि 2020 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. मारियाना गर्तेतील सुमारे 8900 मीटर खोलीच्या गाळातील जीवाणूला संसर्ग करणारा विषाणूही 2023 साली वेगळा काढून अभ्यासला गेला. अशा एकेका शोधासाठी लागणारा धीर पाहता, गाळ उलथवून झाल्यावर तिथे काय होते याचा शोध घेऊ, ही कल्पनाच टिकत नाही.

उत्खननाचा परिणाम काय होतो, याविषयी आपल्याकडे एक दीर्घ मुदतीचा प्रयोग आहे, आणि त्याची नोंद प्राधिकरणाने आपल्या निर्णयांत ठळकपणे घ्यावी. 1989 साली प्रशांत महासागरातील पेरू खोऱ्यात, चार किलोमीटरहून अधिक खोल पाण्याखाली, धातूंचे गोटे (ज्यांच्यासाठी उत्खनन व्हायचे आहे ते खनिजांचे गोळे) असलेला तळ मुद्दाम नांगरण्यात आला. 2015 साली शास्त्रज्ञ तिथे परतले तेव्हा नांगराच्या खुणा स्पष्ट होत्या. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार 26 वर्षांनंतरही त्या खुणांमध्ये सूक्ष्मजीवांची क्रिया अबाधित तळाच्या तुलनेत चौपटीपर्यंत कमी होती. तेव्हा नव्याने पाडलेल्या ताज्या खुणांत पेशींची संख्या सुमारे निम्म्याने घटलेली होती, आणि सूक्ष्मजीवांवर अवलंबून असलेल्या प्रक्रिया पूर्वपदावर यायला 50 वर्षांहून अधिक काळ लागेल असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तो नांगर गोटे उचलून नेत नव्हता. व्यावसायिक यंत्र गोट्यांबरोबर सर्वांत जिवंत असलेला वरचा थरच उचलून नेईल. मंद गतीने साचणाऱ्या प्रदेशात असा दहा सेंटिमीटरचा थर पुन्हा साचायला वीस-तीस हजार वर्षे लागू शकतात, आणि गोटे तर दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गोटे वरच्या थरात असतात, यंत्र काही सेंटिमीटरच खोल जाते, मग शेकडो मीटर खालच्या जीवसृष्टीला बाधा कशी येणार? गोट्यांच्या उत्खननाने एक किलोमीटर खालच्या पेशी मरतील असे मी म्हणत नाही. परंतु खालच्या थरांत आज जे जीव आहेत, ते कधीकाळी वरच्याच थरात होते आणि हळूहळू गाडले गेले. खाली कोण पोचणार आणि त्याच्यासोबत किती अन्न आणि कोणते विषाणू जाणार, हे वरच्या काही सेंटिमीटरांत ठरते. शिवाय सर्व खनिजे गोट्यांच्या रूपात नाहीत. उष्ण झऱ्यांभोवतीच्या सल्फाइड साठ्यांत खोलवर फोडणे आणि खणणे अपेक्षित आहे, आणि तिथे खडकाच्या भेगांतून वाहणाऱ्या पाण्यातच सूक्ष्मजीवांची वस्ती असते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पूर्व प्रशांत कटकावरील (समुद्रतळावरील पर्वतरांगेवरील) अशा झऱ्यांखाली, भूकवचाच्या पोकळ्यांत, नळीकृमींसारखे प्राणीही सापडले आहेत. तेव्हा दोन्ही प्रकारच्या क्षेत्रांना एकच खोलीमर्यादा लावून नमुने घेणे पुरेसे होणार नाही.

समुद्री कायद्याच्या 1982 च्या संहितेतील कलम 145 प्रमाणे सागरी पर्यावरणाचे आणि त्याच्या परिसंस्थीय संतुलनाचे रक्षण करणारे नियम करणे हे आपले कर्तव्य आहे. आपल्या विधी आणि तांत्रिक आयोगाच्या शिफारशींत सूक्ष्मजीवांचा उल्लेख आहे, ही चांगली सुरुवात आहे. पण शिफारस आणि अट यांत मोठे अंतर असते, आणि वरच्या थरातील पेशींच्या चयापचयाची एखादी मोजणी एवढ्यावर समाधान मानले तर विषाणू, सुप्त संसर्ग आणि खालचे थर हे सगळेच नोंदीबाहेर राहते. म्हणून उत्खननाच्या नियमावलीच्या पायाभूत माहितीविषयीच्या परिशिष्टात असे लिहावे, की अर्जदाराने क्षेत्रातील गाळाच्या प्रत्येक प्रमुख प्रकारातून थरवार नमुने घ्यावेत, पेशी आणि विषाणूकण दोन्ही मोजावेत, विषाणूंच्या निर्मितीचा वेग मोजावा आणि समुदायाची जनुकीय माहिती काढावी. केवळ संख्या पुरणार नाही, कारण मातीच्या कणांना चिकटलेला जुना विषाणू आणि आज निर्माण झालेला विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात.

नमुने कसे घेतले, यालाही तितकेच महत्त्व द्यावे. वरच्या समुद्राचे पाणी किंवा खोदकामाचा द्रव गाभ्यात (खोदून काढलेल्या गाळाच्या दंडगोलाकार नमुन्यात) शिरला तर इतक्या विरळ वस्तीत परके जीव सहज भरतात. म्हणूनच वैज्ञानिक खोदकामात द्रवात खुणेचे रसायन मिसळून नंतर गाभ्याच्या आतील भागात ते पोचले का, हे तपासले जाते. हीच शिस्त कंत्राटदारांनाही लागू करावी. प्रत्येक क्षेत्रातील नमुन्यांचा एक भाग अतिशीत अवस्थेत तटस्थ संग्रहालयात कायमचा ठेवावा, कारण आज आपल्याला जे प्रश्न सुचत नाहीत ते वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला सुचतील, आणि तोवर मूळ तळ उरलेला नसेल. जहाजांनी आणलेले गाभे जतन करण्यासाठी जर्मनीतील ब्रेमेन आणि जपानमधील कोची येथे वैज्ञानिक भांडारे दीर्घकाळ चालत आहेत, तेव्हा व्यवस्थेचा नमुना शोधायला दूर जावे लागणार नाही. मिळालेली सर्व माहिती आपल्या ‘डीपडेटा’ या संचात, कोणत्याही गोपनीयतेच्या पडद्याशिवाय, ठरावीक मुदतीत खुली व्हावी. जी संरक्षण संदर्भ क्षेत्रे (जिथे उत्खनन होणार नाही) आणि प्रभाव संदर्भ क्षेत्रे (जिथे उत्खननाचा परिणाम मोजायचा) आपण आखता, त्या दोन्हींमध्ये ही मोजणी उत्खननाआधी, उत्खननादरम्यान आणि नंतरही त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा व्हावी, नाहीतर तुलनाच करता येणार नाही.

खर्चाचा मुद्दा उपस्थित होईल याची मला जाणीव आहे. अन्वेषणाची जहाजे आजही त्या क्षेत्रांत जातात आणि प्राण्यांच्या अभ्यासासाठी गाळाचे नमुने वर काढतात, त्यामुळे खर्चाचा सर्वांत मोठा भाग, म्हणजे तिथवर पोचणे, आधीच झालेला असतो. त्याच नमुन्यातील काही भाग योग्य रीतीने गोठवून आणणे, हा तुलनेने लहान वाढीव खर्च आहे. उणीव आहे ती प्रशिक्षित माणसांची, आणि ती भरून काढण्याची सोय आपल्याकडेच आहे. कंत्राटदारांनी विकसनशील देशांतील तरुणांना प्रशिक्षण द्यावे अशी अट आपण पूर्वीपासून घालत आहात. त्या प्रशिक्षणात गाळातील सूक्ष्मजीव आणि विषाणू यांच्या अभ्यासाला जागा मिळाली, तर ज्यांच्या नावाने हा तळ मानवजातीचा सामाईक वारसा म्हणवला जातो, त्यांनाही तो वाचता येईल. अनेक दशके खोल गाळाचे गाभे आणणारे ‘जॉइडिस रेझोल्युशन’ हे जहाज 2024 साली सेवेतून निवृत्त झाल्यामुळे स्वतंत्र विज्ञानाची पोच आणखी आक्रसली आहे, आणि कंत्राटदारांच्या नमुन्यांवरचे अवलंबित्व वाढले आहे.

राष्ट्रीय हद्दींपलीकडील जैवविविधतेविषयीचा करार 2023 साली स्वीकारला गेला आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्याला आवश्यक 60 देशांची मान्यता मिळाली. त्या करारात सागरी जनुकीय संपत्तीचा विचार आहे. आपल्या अधिकारात खनिजे येतात आणि त्या करारात जीव येतात, म्हणून गोट्याखालच्या गाळातील जीवांची जबाबदारी या दोन व्यवस्थांच्या मधल्या फटीत हरवू नये, यासाठी दोन्ही संस्थांनी नमुने आणि माहिती यांच्या देवाणघेवाणीची लेखी पद्धत ठरवणे आवश्यक आहे. जोवर ही पद्धत आणि वर मांडलेली अट नियमावलीत येत नाही, तोवर एकाही उत्खनन अर्जाला मंजुरी देऊ नये.

ही दुरुस्ती परिषदेच्या पुढील अधिवेशनात विचारार्थ घ्यावी. ती नाकारावीशी वाटली तर कोणत्या वैज्ञानिक कारणांनी ती नाकारली, हे सदस्य राष्ट्रांनी लेखी स्वरूपात प्रसिद्ध करावे, म्हणजे त्या कारणांची तपासणी इतर अभ्यासकांना करता येईल.

आपला नम्र,
सागरी सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अभ्यासक